मंडळीचा पट



या व्याख्यानमालेत आम्ही आजवर बोललो ते किमान वेतनावर, बोनसवर, फार तर ऊसतोड मजुरांच्या उचलीवर. यंदा चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'ख्रिस्ती मंडळीतले घटते सभासद' असे सांगितले, आणि दोघेतिघे हसले. एका गृहस्थांनी तर तोंडावर विचारले, "अहो, आपल्या जिल्ह्यात ते वाढताहेत अशी ओरड चालू आहे, आणि तुम्ही घटीवर काय बोलणार?" प्रश्न वावगा नाही. जुलै २०२५ मध्ये विधानसभेत धुळे-नंदुरबारकडच्या अनधिकृत प्रार्थनास्थळांवर चर्चा झाली, नवापूर तालुक्याचे नाव त्यात पुनःपुन्हा आले, हे तुम्ही सर्वांनी वाचले आहे. ज्या गोष्टीच्या वाढीबद्दल सरकार विधानसभेत उत्तर देते, तिच्या घटीवर बोलायला उभा राहणारा माणूस एक तर वेडा असावा, नाही तर त्याच्या हाती वेगळी वही लागलेली असावी.

आम्ही ख्रिस्ती नाही. धर्मशास्त्र शिकलो नाही. शाळा सातवीत सुटली, पुढचे जे काही शिक्षण ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या चाळीत झाले. परंतु एक विद्या आम्हाला पोटापाण्याच्या निमित्ताने आली, ती म्हणजे सभासदांची वही वाचण्याची. गेली तीस वर्षे आम्ही सभासदांच्या वह्या लिहीत आणि तपासत आलो आहोत. वहीत नावे वाढली म्हणजे माणसे वाढली असे होत नाही, आणि नावे घटली म्हणजे माणसे गेली असेही होत नाही, हे आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवलेले नाही.

हे जरा उलगडून सांगितले पाहिजे. आपल्या राज्यात १९७१ च्या कायद्याने मान्यताप्राप्त संघटना व्हायचे तर आधीचे सहा महिने कारखान्यातले निदान तीस टक्के कामगार सभासद असावे लागतात. मग काय होते? मान्यतेचा अर्ज टाकायच्या वेळी वह्या फुगतात. ज्याने संघटनेचे कार्यालय कधी पाहिले नाही, त्याचेही नाव पावतीबुकात सापडते. उलट एखाद्या ठिकाणी मालक असा असतो की, संघटनेची पावती खिशात सापडली की दुसऱ्या दिवशी गेटवर अडवणार. तिथे कामगार रात्री घरी येतो, हातावर पैसे ठेवतो आणि म्हणतो, "दादा, वर्गणी घ्या, पण पावती फाडू नका." आता हा सभासद की नाही? वहीत तो नाही. संपाच्या दिवशी मात्र पहिल्या रांगेत तोच असतो.

हे मनात ठेवून नगर जिल्ह्याकडे चला. साखर कारखान्यांच्या कामानिमित्त आमचे त्या पट्ट्यात जाणे असते, आणि मराठी ख्रिस्ती मंडळीचा इतिहास पाहायचा तर नगरला गेल्यावाचून गत्यंतर नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत १८१३ साली उतरले. नगरला त्यांनी १८३१ मध्ये ठाणे केले. 'ज्ञानोदय' हे पत्र तिथेच १८४२ मध्ये निघाले. पहिली कित्येक वर्षे सभासद बोटांवर मोजावे इतकेच. पुढे १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला, मग १८९९-१९०० चा आला, आणि गावकुसाबाहेरची वस्तीच्या वस्ती मंडळीत आली. टीकाकार म्हणत आले की, हे पोटासाठी आले. असतील. आम्ही कामगार पुढारी आहोत; पोटासाठी आलेल्या माणसाला हलके लेखण्याचा आम्हाला अधिकार नाही. आमच्याकडे सगळेच पोटासाठी येतात आणि त्यातले पुष्कळसे पोटापलीकडच्या गोष्टीसाठी टिकतात. दुष्काळ सरल्यावर धान्य बंद झाले, तरी ही माणसे तिथेच राहिली, त्यांची मुले शिकली, मास्तर झाली, नर्सा झाल्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी खेड्यांना पहिली परिचारिका या घरांनी दिली.

याच मंडळीत रेव्हरंड टिळक होऊन गेले. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, मिशनमध्ये वर्षानुवर्षे काम केले, आणि १९१७ मध्ये मिशन सोडून 'देवाचा दरबार' काढला. दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत, ही त्यांची कल्पना. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते वारले आणि दरबार फार चालला नाही. पण पटाबाहेरही माणसे असतात आणि ती आपलीच असतात, हे त्यांना तेव्हा दिसले होते. कवीच्या डोळ्याला जे दिसले ते मंडळीच्या चिटणिसाला दिसायला पुढे एक सरकारी हुकूम यावा लागला.

तो हुकूम १० ऑगस्ट १९५० चा. राष्ट्रपतींच्या सहीने अनुसूचित जातींची यादी निघाली आणि तिच्या तिसऱ्या परिच्छेदात असे घातले की, हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. शिखांतल्या काही जातींना तेव्हाच अपवाद केला, १९५६ मध्ये शीख सरसकट घेतले, १९९० मध्ये बौद्ध घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान राहिले ते आजतागायत. बौद्धांची गोष्ट इथे आठवावी अशी आहे. १९५१ च्या शिरगणतीत महाराष्ट्राच्या मुलुखात बौद्ध जेमतेम अडीच हजार होते. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरला दीक्षा दिली आणि १९६१ ला तो आकडा सत्तावीस लाखांच्या वर गेला. त्यांनीही सवलती गमावल्या होत्या. राज्याने त्या १९६० मध्ये दिल्या, दिल्लीला आणखी तीस वर्षे लागली. तरी लाखो लोकांनी शिरगणती करणाऱ्याला उघड तोंडाने 'बौद्ध' असे सांगितले, कारण पाठीशी तसा नेता होता आणि शेजारी तसाच बोलणारा समाज होता. नगर-जालन्याच्या खेड्यांत विखुरलेल्या ख्रिस्ती घरांपाशी यातले काय होते? मिशनरी परत चालले होते, परदेशचा पैसा आटत होता.

तेव्हा या घरांनी काय केले? आमच्या पावती न फाडणाऱ्या कामगाराने जे केले तेच. एका गावच्या सफाई कामगारांत आम्हाला असा एक माणूस भेटला. गाव आणि नगरपालिका यांची नावे सांगत नाही, कारण सांगितली तर त्याचीच भाकरी जाईल. त्याला दोन नावे. एक बायबलातले, घरात आणि मंडळीत चालणारे. दुसरे शाळेच्या दाखल्यावरचे. दाखल्यावर धर्म हिंदू, जात त्याच्या आजोबांची. घरात भिंतीवर क्रूस, रविवारी उपासना, मुलीचे लग्न मंडळीतच लागले. मात्र १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखालच्या नोंदवहीत ते चढवले नाही. का? तर मुलाच्या जात पडताळणीत तो कागद उद्या पुढे आला तर? २००० सालच्या पडताळणी कायद्यापासून जुने दाखले, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब, घरची चौकशी असे सगळे बारकाईने पाहतात. पूर्वी मास्तर डोळेझाक करीत, आता समिती करीत नाही.

पाळकसाहेबही हे जाणतात. बाप्तिस्मा होतो, पण वहीत नाव चढत नाही. प्रभुभोजनाला बसतो, वर्गणीही देतो, पण पावती नको. वर्षअखेरीला चिटणीस वही मिटून सभासदांचा आकडा वर धाडतो तो गतवर्षीपेक्षा कमी भरतो. वरचे लोक म्हणतात, श्रद्धा ओसरत चालली. वर्तमानपत्रात छापून येते, ख्रिस्ती घटले. आमच्या मनात मात्र तो कामगार येतो आणि त्याचे वाक्य येते.

हा सगळा आमचा तर्क आहे असे कुणी म्हणेल, म्हणून आकडे सांगतो. २००१ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ५८ हजार होते, २०११ मध्ये सुमारे १० लाख ८० हजार. दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या शेकडा सोळा वाढली आणि ख्रिस्ती शेकडा दोन. शेकडेवारीने ते एकाच्या वर होते ते एकाच्या खाली आले. यातला मोठा वाटा मुंबई-वसईकडच्या कॅथलिकांचा आहे, त्यांची कुटुंबे लहान, मुले परदेशी, हे आम्ही नाकारीत नाही. सगळी घट दाखल्यापायी झाली असे म्हणणे अडाणीपणाचे होईल. पण दाखल्यापायी काहीच झाली नाही असे म्हणणाऱ्याने आमच्याबरोबर एक रविवार त्या वस्तीत काढावा.

न्यायालयात हा प्रश्न गेला नाही असे नाही, आणि गेला तो कुणी? मद्रासच्या रस्त्यावर बसून जोडे शिवणाऱ्या सूसाई नावाच्या एका चांभाराने तो नेला. रस्त्यावरच्या चर्मकारांना सरकार टपऱ्या फुकट देत होते. शेजारच्यांना मिळाली, याला नाही, कारण हा ख्रिस्ती. ऊन तेच, आरी तीच, गिऱ्हाइकाची नजर तीच. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, धर्म बदलल्यावरही जातीचे ते जाच तितक्याच तीव्रतेने चालू राहतात हे दाखवणारा पुरावा पुढे आलेला नाही. म्हणजे जोडे शिवणाऱ्याने पुरावा आणायचा! पुढे रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये सांगितले की जातीचा दर्जा धर्मापासून सोडवावा. त्यावर काही झाले नाही. २०२२ मध्ये सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झालेल्या बालकृष्णन यांचा आयोग नेमला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मनात ख्रिस्ती श्रद्धा ठेवून केवळ सवलतीसाठी स्वतःला हिंदू म्हणवणे ही संविधानाशी फसवणूक आहे. निकालाच्या शब्दांशी वाद घालायची आमची पात्रता नाही. पण आमचा तो सफाई कामगार फसवतो आहे की त्याला दोनपैकी एक निवडायला लावणारा हुकूम फसवतो आहे, हे आम्ही अजून ठरवू शकलेलो नाही.

आता याच्या नेमके उलटे चित्र पाहायचे तर साता समुद्रापलीकडे जावे लागेल. आणि नंदुरबारकरांना ते फार परके वाटू नये. आपल्या गावात एस. ए. मिशनचे हायस्कूल आहे, नवापूरकडे चिंचपाड्याला मिशनचे रुग्णालय आहे. पश्चिम खानदेशात हे काम उभे केले ते स्वीडन-नॉर्वेच्या रक्ताच्या अलायन्स मिशनच्या मंडळींनी. ती लहान, स्वतंत्र मंडळे होती; स्वीडनचे मोठे चर्च निराळे, ते २००० सालापर्यंत चक्क सरकारी होते. त्या मोठ्या चर्चची वही ऐका. १९७२ मध्ये शंभरातले पंचाण्णव स्वीडिश लोक त्याचे सभासद. पंचाण्णव! आमच्या कुठल्या संघटनेला हे स्वप्नातही दिसायचे नाही. पण रविवारी त्या देवळांत बसणारे किती, तर फार थोडे. कारण सभासद व्हायला काही करावेच लागत नसे. १९९६ पर्यंत सभासद आईबापांच्या पोटी जन्मलेले मूल आपोआप सभासद होई. वर्गणी मिळकतीच्या साधारण एक टक्का, तीही करवसुलीबरोबर कापून घेत. आमच्या भाषेत सांगायचे तर पगारातून वर्गणीची कपात. ज्यांनी संघटना चालवली आहे त्यांना ठाऊक आहे की, पगारातून वर्गणी कापली जाऊ लागली की पुढाऱ्याचे चाळीत जाणे बंद होते, आणि पुढारी चाळीत गेला नाही की दहा वर्षांनी संघटना कागदावर उरते. तिथे तेच झाले. सरकारपासून चर्च सुटले, वर्गणीचा आकडा लोकांच्या नजरेत भरू लागला, आणि एक अर्ज करून नाव काढता येते हे त्यांना उमगले. पंचाण्णवाचे आता पन्नासाच्या आसपास आले आहेत.

आम्ही हसत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांचे काय झाले ते आम्ही विसरलेलो नाही. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले, ते सरकारमान्य संघटनेला डावलून गेले. वहीतले सभासद एका संघटनेचे आणि माणसे दुसऱ्या पुढाऱ्याच्या मागे.

आता आपल्या घरी या. नवापूर, अक्कलकुवा, धडगावकडच्या आदिवासींना तो १९५० चा तिसरा परिच्छेद लागू नाही. अनुसूचित जमातींच्या यादीत धर्माची अट घातलेली नाही. भिल्ल, मावची, कोकणा ख्रिस्ती झाला, तरी त्याचा जमातीचा दाखला तसाच राहतो. म्हणून तो उघडपणे मंडळीत बसतो, दाराला क्रूस लावतो, विचारले तर सांगतो. नगरचा माणूस सांगत नाही. म्हणून एका जिल्ह्यात 'वाढले हो वाढले' आणि दुसऱ्यात 'घटले हो घटले'. यात देवाचा किती हात आणि दाखल्याचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून काढा, ही मागणी कार्तिक उरांव यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस लोकसभेत लावून धरली होती, अलीकडे तिने पुन्हा जोर धरला आहे. तिच्या बऱ्यावाईटात आज आम्ही शिरत नाही. एवढे मात्र वही वाचणारा म्हणून सांगू शकतो की, ती मान्य झाली तर पुढच्या दहा वर्षांत नवापूरच्या मंडळीतले आकडे निम्म्यावर येतील आणि माणसे बहुतेक तिथेच असतील. रात्री येऊन म्हणतील, पावती फाडू नका.

हजेरीचेही असेच आहे. एका पाळकांनी आम्हाला सांगितले, दिवाळीनंतर बाक रिकामे पडतात, लोकांना देवाची गोडी राहिली नाही. आम्ही म्हणालो, साहेब, तुमच्या बाकांवरची माणसे आम्ही रोज पाहतो, ती बारडोली-सुरतकडे उसाच्या पडावावर आहेत. आपल्या जिल्ह्यातला मजूर नवराबायको मिळून कोयता म्हणून नावनिशी लावतो, मुकादमाची उचल घेतो आणि दिवाळीनंतर गुजरातेत जातो. होळीला जमले तर येतो, नाही तर उन्हाळ्यात. तिथे रविवार नाही. कारखाना सातही दिवस चालतो, गाडी भरायची ती भरायचीच. रात्री दोनला ट्रक आला तर रात्री दोनला. नाताळ ऐन तोडणीत पडतो. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवून दिली. लोखंडे सत्यशोधक, सुट्टीचा दिवस ख्रिस्ती लोकांच्या उपासनेचाही आणि आमच्या खंडोबाचाही. त्या गोष्टीला एकशे पस्तीस वर्षे झाली, आणि उसाच्या फडात ती सुट्टी अजून पोहोचली नाही. त्या पाळकांना आम्ही सुचवले की, उपासनेची हजेरी वाढवायची तर आमच्याबरोबर साप्ताहिक सुट्टीच्या मागणीवर सही करा. ते विचार करतो म्हणाले. अजून करीत आहेत.

पडावावर आम्ही रात्री गेलो आहोत. प्लास्टिकच्या खोपटांच्या मध्ये एक दिवा, चारसहा कुटुंबे, कुणी तरी पाठ केलेले वचन म्हणतो, मग गाणे, मग दुसऱ्या दिवसाच्या गाडीचा हिशेब. तिथे पाळक नसतो, वही नसते. हे लोक कुठल्या पंथाचे, असे विचारले तर त्यांनाही धड सांगता येत नाही. अलायन्सचे म्हणतात, कुणी नवीन प्रार्थनासभेचे नाव सांगतो. जुन्या मंडळीच्या वहीतून ती जी नावे गेली, त्यातली कित्येक या खोपटांत आहेत.

मात्र सगळा दोष हुकुमाच्या आणि मुकादमाच्या माथी मारून मंडळीच्या पुढाऱ्यांना मोकळे सोडावे, असे आम्हाला वाटत नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी झाली. चांगले झाले. पण एकत्र येताना जमिनी, बंगले, शाळा कुणाच्या, हे नीट मिटले नाही. गुजरातेतल्या ब्रदरन पंथाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०१३ मध्ये निकाल लागला की तो पंथ कायद्याने विलीन झालाच नव्हता. त्रेचाळीस वर्षे लोकांनी एका मंडळीत उपासना केली आणि त्रेचाळीस वर्षांनी कळले की मालमत्ता दुसऱ्या मंडळीची! दोन विश्वस्त मंडळे, दोन वकील आणि देवळाला कुलूप, असा प्रकार तरुण मुलाने एकदा पाहिला की तो परत येत नाही. त्याला दाखल्याची भीती नसते, उसाची तोड नसते, पुण्याच्या कारखान्यात त्याला रविवारची सुट्टीही असते. तो येत नाही, कारण त्याला कंटाळा आला आहे. ही घट मात्र खरी घट. आमच्या संघटनांतही कार्यालयाच्या जागेवरून भांडणे झाली आहेत, तेव्हा आम्ही हे वरच्या पायरीवरून बोलत नाही.

वेळ झाल्याची चिठ्ठी आली आहे. एकच गोष्ट राहिली. २०२१ ची शिरगणती झाली नाही. आता जाहीर झालेल्या शिरगणतीची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे, आणि तीत प्रत्येकाची जातही विचारली जाणार आहे. त्या सफाई कामगाराने आम्हाला गेल्या महिन्यात विचारले, "दादा, माणूस दारात येईल तेव्हा धर्म काय सांगू?" शिरगणतीतला जबाब कायद्याने गुप्त असतो, तो दाखल्याच्या चौकशीत आणता येत नाही, हे आम्ही त्याला सांगितले, १९४८ चा कायदाही वाचून दाखवला. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "कायदा गुप्त ठेवील हो. पण लिहून घेणारा आमच्या पोराच्या शाळेतलाच मास्तर असणार." यावर त्याला काय सांगावे, हे तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर सभा संपल्यावर आम्ही खाली थांबलो आहोत.